खुब्यातला रॉड ‘फेल’ गेला म्हणजे आत नेमकं काय झालं?

प्रश्न सोलापुरातल्या एका मुलाचा आहे. आई ६८ वर्षांची, विडी कामगार, साखरेचा त्रास जुना. चार महिन्यांपूर्वी नळाला पाणी आलं त्या दिवशी बॅरल भरताना ओल्या फरशीवर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, खासगी दवाखान्यात रॉड घातला. दोन-अडीच महिने चांगले गेले, वॉकर सुटून हातात काठी आली. गेले तीन आठवडे पाऊल टेकलं की जांघेत कळ येते आणि पाय आखूड वाटतो. नवीन एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये स्क्रू वर सरकल्याचं लिहिलंय. नातेवाईकांचे तर्क चालू आहेत: रॉड हलक्या प्रतीचा असणार, आत पू झाला असणार. मुलगा विचारतो, यातलं खरं काय, रॉड काढून टाकायचा का, आणि पुण्याला न्यायचं का?

आधी आजपासून करायचं ते सांगतो. त्या पायावर वजन देणं बंद करा. काठी बाजूला ठेवून पुन्हा वॉकर द्या, पाऊल जमिनीला नुसतं टेकवू द्या. मात्र अंथरुणावर झोपवून ठेवू नका. खुर्चीत बसवा, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, घोटे वरखाली करायला लावा. या वयात आठवडाभर आडवं पडणं छातीला, लघवीला आणि पाठीच्या कातडीला फार महागात पडतं. मालिशवाल्याला बोलावू नका, ‘हाड बसवून देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नको. आणि या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. यात तासांची घाई नाही, पण महिनाभर थांबण्यासारखंही हे दुखणं नाही.

दाखवायला जाताना पहिल्या दिवसापासूनचे एक्स-रेचे सगळे फोटो घेऊन जा. पेशंट बहुतेक वेळा फक्त नवा फोटो आणतात, आणि मला सगळ्यात जास्त हवा असतो तो ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला. दोन्ही फोटो शेजारी लावले की गोष्ट उलगडते. स्क्रू सुरुवातीलाच वरच्या बाजूला बसला होता की जागेवर बसून नंतर सरकला, हाड पहिल्यापासून आतल्या बाजूला झुकलेलं होतं की हळूहळू झुकलं, हे एकट्या नव्या फोटोवरून कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

आता आत काय असतं ते. मांडीच्या हाडाला वर गोळा, गोळ्याखाली मान आणि मानेच्या बुडाशी दोन उंचवटे असलेला रुंद भाग. तुमच्या आईला रॉड घातला म्हणजे मोड बहुधा या रुंद भागातला असणार. इथलं हाड जाळीदार, रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ते जुळायला सहसा कुरकुरत नाही. साधारण तीन-चार महिन्यांत जुळतं. रॉड मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसतो, त्यातून एक जाड स्क्रू किंवा पातं तिरकं वर जाऊन गोळ्यात रुततं. हा स्क्रू रॉडमधून मागे सरकावा अशीच त्याची रचना असते. पेशंट चालायला लागला की मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि स्क्रू थोडा बाहेरच्या बाजूला येतो. पाय अर्धा-एक सेंटीमीटर आखूड होणं यात धरलेलंच असतं. त्यामुळे ‘स्क्रू सरकलाय’ एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. तो कुठल्या दिशेला सरकलाय हे बघायचं.

दुखण्याची जागाही बरंच सांगून जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपलं की टोचतं, हाताला टणक काहीतरी लागतं: हे मागे आलेल्या स्क्रूचं टोक. त्रास होतो, पण सहसा धोका नसतो. हाड पूर्ण जुळल्यावर तेवढा स्क्रू काढता किंवा आखूड घालता येतो. गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या भागात दुखत असेल तर रॉडचं खालचं टोक हाडाला घासतंय किंवा रॉडला खालून हाडात पक्का करणारा लॉकिंग स्क्रू त्रास देतोय अशी शंका घ्यायची. तिथेच एकाएकी जोरात दुखायला लागलं आणि पाय उचलेनासा झाला तर रॉडच्या टोकापाशी नवीन मोड झालेला असू शकतो, म्हणून फोटो गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचा काढावा. नुसत्या खुब्याच्या फोटोत हा मोड दिसत नाही आणि पेशंट ‘काही नाही, स्नायूचं दुखणं’ ऐकून घरी जातो. आणि जांघेत, पाऊल टेकलं की कळ, सोबत पाय आखूड, पंजा बाहेर वळलेला: ही तुमच्या आईची तक्रार. तिच्याकडे मी दुर्लक्ष करत नाही, फोटो ‘ठीक’ असला तरी.

स्क्रू गोळ्याचं हाड कापत वरून बाहेर निघतो, त्याला आम्ही ‘कट-आउट’ म्हणतो. रॉड-प्लेटच्या बिघाडात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. कारणं बहुतेक वेळा एकत्र येतात. म्हातारपणातलं ठिसूळ हाड हे एक. मोड अनेक तुकड्यांचा किंवा उलट्या तिरक्या रेषेचा असणं हे दुसरं. तिसरं म्हणजे हाड बसवताना मान-गोळा आतल्या बाजूला झुकलेला राहणं. असं झालं की प्रत्येक पावलाला स्क्रू गोळ्याच्या वरच्या भागावर रेटा देतो. चौथं, स्क्रूच्या टोकाची जागा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपं माप सांगितलं: स्क्रूचं टोक गोळ्याच्या शिखरापासून किती लांब आहे ते समोरच्या आणि बाजूच्या, दोन्ही फोटोंत मोजायचं, फोटोतला मोठेपणा वजा करायचा आणि बेरीज करायची. ती २५ मिलिमीटरच्या आत हवी. आजही ऑपरेशन टेबलावर सी-आर्मच्या, म्हणजे चालू ऑपरेशनमध्ये एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे बघताना डोक्यात हाच आकडा असतो. समोरच्या फोटोत स्क्रू गोळ्याच्या मध्यावर किंवा किंचित खाली, आणि बाजूच्या फोटोत बरोबर मधोमध, ही त्याची चांगली जागा. माझ्या मते मात्र यापेक्षाही हाड कसं बसवलंय याला जास्त महत्त्व आहे. वाकड्या बसलेल्या हाडात सुरेख स्क्रू घालून फार काही साधत नाही.

काही रॉडमध्ये गोळ्यात दोन स्क्रू जातात, खालचा जाड आणि वरचा बारीक. हाड झुकायला लागलं की कधी खालचा मागे येतो आणि वरचा पुढे सांध्यात घुसतो, कधी याच्या उलट होतं. फोटोत इंग्रजी झेड अक्षरासारखं दिसतं म्हणून त्याचं नावच झेड-इफेक्ट पडलं. पात्याचा रॉड असेल तर ते पातं हाड न झुकताही सरळ आरपार सांध्यात जाऊ शकतं. तुमच्या रिपोर्टमधला ‘वर सरकला’ यापैकी नेमका कुठला प्रकार, ते फोटो बघूनच कळेल.

रॉड हलका होता का? कट-आउटमध्ये धातू मोडलेलाच नसतो, हाडाने हार मानलेली असते. त्यामुळे तुमच्या बाबतीत रॉडच्या दर्जावर संशय घेण्यात मला अर्थ दिसत नाही. रॉड खरोखर मोडतो तेव्हाही सहसा गोष्ट वेगळी असते. तो बहुतेक वेळा गोळ्याच्या स्क्रूसाठी जिथे भोक पाडलेलं असतं तिथे, म्हणजे सर्वांत अशक्त जागी मोडतो, आणि सहा-आठ महिने किंवा वर्षानंतर मोडतो. तार एका जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच ते. हाड जुळलं की भार हाड घेतं आणि रॉडला काम उरत नाही. जुळलंच नाही तर प्रत्येक पावलाचा वाक रॉडवर येतो, आणि मग स्टील असो की टायटॅनियम, देशी असो की परदेशी, कधीतरी तो मोडणारच. म्हणून मोडलेला रॉड बघितला की माझा पहिला प्रश्न ‘हाड का जुळलं नाही’ हा असतो. चांगल्या देशी कंपन्यांचे रॉड वर्षानुवर्षं उत्तम काम करताना बघितलेत. टायटॅनियमसाठी कर्ज काढणाऱ्यांना मी थांबवतो.

कंपनीचं नाव मात्र वेगळ्या कारणासाठी लागतं. प्रत्येक रॉड काढायचं हत्यार निराळं. पेच वेगळे, आटे वेगळे. ऐन ऑपरेशनमध्ये स्क्रूड्रायव्हर बसत नाही म्हणून तास-तास खर्ची पडतात. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं, ते केस पेपरवर चिकटवलेलं असायला हवं. डिस्चार्ज कार्डवर नसेल तर दवाखान्याकडे ऑपरेशन नोट आणि स्टिकरची प्रत लेखी मागा. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला २००२ पासूनचा नियम आहे. नीट बोलून मागितले तर नियम सांगायची वेळही सहसा येत नाही.

पू झालाय का? ताप नाही, जखम कोरडी, एवढ्यावर ‘नाही’ म्हणता येत नाही. साखरेच्या पेशंटमध्ये तर नाहीच. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज, जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या स्वस्त आहेत, त्या करून घ्या, गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी एचबीएवनसीही बघा. ऑपरेशनला चार महिने झाल्यावर सीआरपी उतरून सामान्य झालेलं असायला हवं. वाढलेलं असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवतात. त्याआधी अँटिबायोटिकची एकही गोळी घेऊ नका, नाहीतर जंतू असूनही तपासणीत उगवत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणून ‘जखमेतून येणारं पाणी बंद झालं’ म्हणून निर्धास्त झालेली घरं बरीच बघितलीत. धातूवर जंतूंचा पातळ चिकट थर बसतो, त्याच्या आत औषध नीट पोचत नाही. गोळ्यांनी वरचं पाणी सुकतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा फुटतं आणि दरम्यान हाड खराब होत जातं. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय त्यांनी लक्षात ठेवा: आठवड्यानंतरही जखमेतून थेंब थेंब येत असेल, पट्टी रोज भिजत असेल, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा. लवकर उघडून धुतलं तर रॉड बहुतेकदा वाचवता येतो. हाड जुळायचं असेल आणि रॉडची पकड घट्ट असेल तर जंतू दाबून ठेवत हाड जुळेपर्यंत रॉड आत ठेवणं हाही एक मान्य मार्ग आहे.

मग रॉड काढायचा का? कट-आउट असेल आणि हाड जुळलेलं नसेल तर नुसता रॉड काढून भागत नाही, पायाला आधारच उरणार नाही. ६८ वर्षांच्या बाईंत गोळा पोखरला गेला असेल, त्यातून स्क्रूने वाटीही (कमरेच्या हाडातली, गोळा बसतो ती खोबण) खरवडली असेल, तर रॉड काढून पूर्ण सांधा बदलणं हा बहुधा योग्य पर्याय ठरतो. वाटी शाबूत असेल तर फक्त गोळा बदलायचाही विचार होतो. तरुण पेशंटमध्ये, गोळा चांगला असेल तर, हाडाचा कोन बदलून पुन्हा प्लेट लावून स्वतःचा सांधा वाचवण्याची धडपड करतो. या वयात ती सहसा करत नाही, कारण पुन्हा तीन-चार महिने हाड जुळायची वाट बघणं आईंना झेपणार नाही. पू निघाला तर काम दोन टप्प्यांत होतं: आधी सगळा धातू काढून, साफ करून, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, साधारण सहा आठवडे औषधं, आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर कायमचा सांधा. आणखी एक शक्यता मला खोडून टाकायची नाही: सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसलं आणि फक्त स्क्रूचं टोक सांध्यात डोकावत असेल, तर स्क्रू काढण्याचं छोटं ऑपरेशन पुरतं. ते कळण्यासाठीच फोटोंचा एवढा आग्रह.

पहिल्या ऑपरेशनपेक्षा हे दुसरं अवघड असतं हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं. रक्त जास्त जातं, जंतुसंसर्गाची आणि सांधा निखळण्याची शक्यता जास्त, जुन्या स्क्रूंच्या भोकांतून हाड चिरण्याची भीती असते म्हणून लांब दांड्याचा सांधा घालावा लागतो. पुणं की सोलापूर हे शहराच्या नावावर ठरवू नका. फेल गेलेला रॉड काढून सांधा बसवण्याचं काम तुम्ही नेहमी करता का, आणि या कंपनीचा काढायचा सेट मिळेल का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर सोलापुरात करा, नातेवाईक हाताशी असणं हेही औषधच आहे. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा असंही मी सुचवीन. भांडायला म्हणून नाही, त्यांना आतली हकीकत माहीत आहे म्हणून. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. सिव्हिलचा रस्ता तर खुला आहेच.

इथवर रॉडचं झालं. पण हे वाचणाऱ्या निम्म्या घरांत रॉड नसून ‘गोळा बदललेला’ असेल, म्हणून त्याबद्दलही सांगतो. मोड मानेतला असेल तर गणित बदलतं. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. तरुणात आम्ही तरीही स्क्रू घालून हाड वाचवतो, पण हाड न जुळणं किंवा जुळल्यावरही गोळा रक्ताविना सुकून बसणं, हे दोन्ही धोके राहतात. गोळा सुकल्याचं दोन वर्षांनीही कळू शकतं, तेव्हा ‘आता बरा झालो’ म्हणून फोटो काढणं बंद करू नका. म्हातारपणी म्हणूनच थेट गोळा बदलतो. अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये मांडीच्या हाडाचा वरचा भाग धातूचा करून बसवला. पुढे मूर यांच्या नावाने आलेला एकसंध गोळा स्वस्त म्हणून आपल्याकडे अनेक वर्षं सर्रास वापरला गेला. तो सिमेंटशिवाय ठोकून बसवतात, आणि पोकळी रुंद असेल तर दांडा आत हलतो. लक्षण ठरलेलं: खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं मांडीत दुखतात, मग बरं वाटतं. जांघेत दुखत असेल तर धातूचा गोळा वाटी झिजवतोय. सिमेंटने बसवलेल्यात हलण्याचा त्रास कमी, पण सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून त्या मिनिटांत भूलतज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात.

गोळा निखळणं बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतं. उकिडवं बसणं, मांडी घालणं, बुटक्या पाटावर बसणं, खुर्चीत बसून खाली पडलेली वस्तू वाकून उचलणं ही कारणं. पाय एकाएकी आखूड, गुडघा आत वळलेला आणि हलवता येत नाही, असं झालं तर ओढून बघू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. कमोडची खुर्ची डिस्चार्जच्या आधी घरी आणून ठेवा, नंतर नाही.

किरकोळ शंका: आत धातू असताना एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, फक्त त्या भागाचं चित्र खराब येतं. तंत्रज्ञाला आधी सांगा. त्रास नसेल तर म्हातारपणी रॉड काढायच्या भानगडीत पडू नका. पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर रात्र काढू नका, ती रक्ताची गुठळी असू शकते.

राहिलं आईंच्या हाडांचं. साध्या घसरण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. तरीही डिस्चार्ज कार्डवर कॅल्शियमपलीकडे काही लिहिलेलं नसतं, आणि माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. ड जीवनसत्त्व भरून काढून, किडनीची तपासणी करून वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन पुढचे मोड कमी करतं. खुबा मोडलेल्या रुग्णांवरच्या २००७ मधल्या मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही कमी दिसले. हाड जुळत नसेल तर रोज टोचायचं टेरिपॅराटाइड हा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. झोलेड्रोनिक ॲसिडच्या गटातली औषधं वर्षानुवर्षं न थांबता घेऊ नयेत, त्यानेही मांडीचं हाड विचित्र रीतीने मोडू शकतं. म्हणून तीन ते पाच वर्षांनी फेरविचार करतात. दुसरा खुबा अजून शाबूत आहे, औषध त्याच्यासाठी आहे. मिश्री असेल तर ती सोडायला सांगा. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि जुळणाऱ्या हाडाला ते नको असतं.

त्या पुन्हा विड्या वळू शकतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हातांना काहीच झालेलं नाही, तेव्हा वळतील. सूप मांडीवर घेऊन जमिनीवर बसणं मात्र सांधा बदलल्यावर निदान तीन महिने बंद, आणि त्यानंतरही मी परवानगी देताना काचकूच करतो. गुडघ्यापेक्षा उंच, हात असलेली खुर्ची आणि पुढ्यात छोटं टेबल, त्यावर सूप. कारखान्यात पानं-तंबाखू आणायला आणि विड्या पोचवायला काही महिने तुम्हीच जा. आणि पाणी येईल त्या दिवशी बॅरल दुसऱ्या कुणीतरी भरा.